रविवारपासून ताई ची सुरू, सगळ्यांनी वाचा

नमस्कार मंडळी, येत्या रविवारपासून रोज सकाळी 6 ते 6:40 नाना-नानी पार्कात आपण ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) शिकायलो, ऊन चढायच्या आत संपवायचंय म्हणून वेळ पाळा.

24 हालचालींचा प्रकार हाय, 1956 मध्ये चीनमध्ये ताई चीच्या यांग नावाच्या जुन्या शैलीवरून बसवलेला, नीट जमला की पाच-सहा मिनिटात होतो. पण घाई नको, पहिला आठवडा फक्त "सुरुवात" अन् "रानघोड्याची आयाळ" या पहिल्या दोन हालचाली, एवढंच घेऊ.

- चप्पल, सँडल नको, पातळ सपाट सोलचे बूट घाला
- गुडघेदुखीवाल्या काका-काकूंनी आधी मला सांगा, कमी वाका, तेवढंही पुरतं
- मोबाईल सायलेंट, व्हिडिओ शेवटी काढू

मला सुरुवातीला सगळ्यात अवघड गेलं ते पाऊल टाकणं. टाच अलगद टेकवायची अन् मग हळूहळू सगळा भार त्या पायावर न्यायचा, गुडघा बोटांच्या पुढं जाऊ द्यायचा नाही. हे एवढं घरी ओट्याला धरून रोज दहा वेळा करून या, खरंच लई फरक पडतो.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथंच नाव टाका.