मंत्रीसाहेब, आधी १४ पाहुण्यांच्या जेवणाचं बिल द्या

मा. पर्यटनमंत्री साहेब,

जोहार. पत्र लिहायची सवय नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

जव्हारपासून आत एका पाड्यावर आमचा होमस्टे आहे, खोल्या दोनच. बचत गटाचं कर्ज काढून कमोड बसवला कारण ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं की शहरातल्या लोकांना खाली बसता येत नाही. फेब्रुवारीत एका साहेबांचा फोन आला, ट्रॅव्हल मिडियाची टीम येतेय, आदिवासी पर्यटनाचं प्रमोशन आहे, पैशाचं नंतर बघू, तुमची पब्लिसिटी किती होईल बघा. म्हटलं येऊ दे.

आले १४ जण. दोन वेळचं जेवण, नागलीच्या भाकरी, ४ गावठी कोंबड्या. आणि भरदुपारी म्हणाले तारपा नाच लावा! अहो तारपा म्हणजे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य, आमच्याकडे भात झाल्यावर रात्री वाजतो, उन्हात फेब्रुवारीत कोण नाचतं, पण ८ जण नाचले, ड्रोनवाल्याला नीट दिसलं नाही म्हणून तीनदा. मग एकाला भिंत रिकामी वाटली, सासूला म्हणे लग्नाचा चौक काढा, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतो ते देवीचं चित्र. ती म्हणाली घरात लग्न नाही तर चौक कसा लिहू, पालघट देवीला उगाच कशाला बोलवू. तो म्हणाला, मावशी देवीचं नंतर बघू, लाइट जातोय. सासू त्या रात्री जेवली नाही. कर्ज मी फेडेन, पण हे कसं फेडू?

परवा रील आली. भिंत आमची, सासूचे हात, आमची चूल, व्ह्यूज लाखांवर, आणि नाव कुणाचं तर लांबच्या एका स्विमिंग पूलवाल्या रिसॉर्टचं. खाली लोक विचारतायत लोकेशन काय, उत्तरात पण रिसॉर्टचाच नंबर. पाड्याचं नावसुद्धा नाही, नुसतं 'ट्रायबल व्हाइब्स'. याला मिडिया पार्टनरशिप म्हणतात का? यात पार्टनर कोण होतं, कोंबड्या?

वारली चित्राला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेंना २०११ ला पद्मश्री मिळाली, भाषणात हे तुम्ही सगळेच सांगता. केंद्राच्या आदिवासी गावांसाठीच्या धरती आबा अभियानात देशात १,००० होमस्टे करणार, नव्या खोल्यांना ५ लाखांपर्यंत, दुरुस्तीला ३ लाख, हेपण ऐकलं. आमच्या भागात कुणाला मिळाल्याचं मला तरी माहीत नाही, मला मिळालं ते एक सर्टिफिकेट, त्यावर नाव पण चुकलंय.

मिडिया आम्हाला नवीन नाही साहेब. १९९२ ला आमच्याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत पोरं कुपोषणाने मेली तेव्हा पण गाड्या भरून आलेले, फोटो काढून गेले, सासू सांगते. मध्य वैतरणा धरण शेजारच्या मोखाडा तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि एप्रिलमध्ये आमच्या बाया विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. पाहुणे मात्र बिसलेरी मागतात, तीपण आम्हीच जव्हारहून आणायची. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो, मग तुमच्या रीलमध्ये नाचायला माणसं कुठून आणू? आदिवासी भागासाठीचा पेसा कायदा १९९६ चा, ग्रामसभेला विचारा म्हणतो, पण कॅमेरा घेऊन घरात घुसताना कुणी कधी विचारलंय? मत मागायला येताना बरोबर पाडा सापडतो तुम्हाला.

मागणं थोडंच आहे. शूटिंगच्या आधी ग्रामसभेला विचारा, व्हिडिओत पाड्याचं नाव आणि आमचा नंबर टाका, रिसॉर्टचा काढा. आणि हिशोब: जेवण २८ ताटं २०० ने ५,६००, कोंबड्या ६०० ने २,४००, नाचणारे ५०० ने ४,०००. एकूण १२,०००. तारपा वाजवणारे काका रोज संध्याकाळी दारात येऊन विचारतात, आले का गं पैसे.

बिल तिसऱ्यांदा पाठवतेय. जीएसटी नंबर नाही आमच्याकडे, त्यावरून परत पाठवू नका.

जव्हार तालुक्यातली एक होमस्टेवाली