आरोग्यमंत्री महोदय, तुमचा ‘स्वतंत्र आजार’ माझ्या घरात झोपून आहे

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

माझ्या तक्रारीला तुमच्या खात्याकडून उत्तर आले, त्याबद्दल आभारी आहे. त्यात म्हटले आहे की रुग्ण न्यूमोनियातून बरा झाल्याने त्यास घरी सोडण्यात आले. त्यानंतर आलेला हृदयविकाराचा झटका हा स्वतंत्र आजार असून सदर रुग्णालयाशी त्याचा संबंध येत नाही. खाली सही, शिक्का. प्रकरण निकाली.

तो रुग्ण म्हणजे माझे यजमान. आणि मी तुमच्याच खात्याची आशा सेविका आहे, म्हणून हे उत्तर जरा जास्त झोंबले.

ताप उतरला, खोकला कमी झाला, खाट रिकामी करा. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहिल्या आणि खाली ‘विश्रांती’. छातीत दुखले, धाप लागली, घाम फुटला तर ताबडतोब या, असे कोणी लिहिले नाही, सांगितलेही नाही. तिसऱ्या आठवड्यात पहाटे ह्यांना तेच झाले. आम्हाला वाटले, न्यूमोनियाचा अशक्तपणा. ओवा-मिठाचा शेक देत बसलो. उपजिल्हा रुग्णालयात पोचलो तर ईसीजी काढणारा माणूस रजेवर आणि फिजिशियनची जागा रिकामी. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला ‘तीन महिन्यांत फिजिशियन देऊ’ असे व्यासपीठावरून जाहीर झाले होते. फेटे बांधून झाले, फीत कापून झाली, फिजिशियन मात्र अजून वाटेतच आहे.

आता ह्यांच्या हृदयाचे पंपिंग ३० टक्क्यांवर आहे. जिना चढवत नाही. दुभती म्हैस विकली. औषधे जन्माची. मुलीचे कॉलेज या वर्षी थांबले. हे सारे तुमच्या फायलीत कुठल्या रकान्यात बसते?

‘स्वतंत्र आजार’ म्हणे! शहरातल्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने मला स्टुलावर बसवून समजावले, ते तुमच्या सही करणाऱ्या साहेबांनाही ऐकवते. रक्तवाहिन्यांना आतून पातळ अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड सोडते, त्याने वाहिनी सैल राहते आणि रक्त आत चिकटत नाही. न्यूमोनियात सूज फुफ्फुसापुरती थांबत नाही, रक्तातून अंगभर फिरते. अस्तर बिघडते, वाहिन्या आखडतात, रक्त गोठायला सोकावते. वाहिनीत आधीपासून चरबीचा थर असेल तर तो फुटून वर गुठळी बसू शकते. त्यात रक्तात ऑक्सिजन कमी आणि हृदय जोरात धावतेय. ताप गेला तरी ही सूज लगेच जात नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २०१५ साली छापून आलेल्या, पासष्टीच्या पुढच्या माणसांत न्यूमोनियानंतर पहिल्या महिन्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका चौपट दिसला. दहाव्या वर्षीही तो पुरता उतरला नव्हता. माझे यजमान साठीचेही नाहीत, पण बीपी आहे, तंबाखू होती. अशा माणसाला तुम्ही ‘विश्रांती’ लिहून देता.

बाळंतिणीच्या घरी आम्ही ४२ दिवसांत सहा भेटी देतो. बाळाचे वजन, ताप, नाळ, सगळे फॉर्मवर. न्यूमोनियातून उठलेल्या म्हाताऱ्याच्या घरी एकही भेट नाही, कारण तसा फॉर्मच नाही! न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लस २०२१ पासून राज्यातल्या बाळांना फुकट मिळते: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. मीच आयांना बोलावून आणते. चांगली गोष्ट आहे. ती लस आपल्या पुण्यातसुद्धा बनते. पण साठीच्या मधुमेही माणसाला ती हवी असेल तर मेडिकलमध्ये हजारो रुपये मोजा. आमचे मानधन तुम्हाला माहीत आहे. नसेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आझाद मैदानात आम्ही थंडीत झोपलो होतो, तेव्हा खिडकीतून दिसले असेल.

तशी मोठ्या गोष्टींची तुम्हाला कधीच कमी नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाचे अडीच टक्के आरोग्यावर खर्चू असे लिहिले होते. कुठे आहेत ते अडीच टक्के? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात दोन दिवसांत ३१ माणसे गेली. मंत्री आले, कॅमेरे आले, चौकशी समिती आली. तिथेही प्रत्येक मृत्यू स्वतंत्रच असणार. मोफत उपचारांच्या योजनेच्या कार्डांवर पाच लाखांचा आकडा छापायला पैसे आहेत, ईसीजी काढायला माणूस नाही. योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र आधी कागद मागतो. छातीत कळ आलेल्या माणसाने झेरॉक्सच्या रांगेत उभे राहायचे. आणि तुमच्या लोकांना साधी सर्दी झाली तरी मुंबईच्या पंचतारांकित रुग्णालयात खोली तयार! एकदा तरी आमच्या वॉर्डात झोपून बघा.

मागते ते फार नाही. न्यूमोनियाच्या प्रौढ रुग्णाला घरी सोडण्याआधी ईसीजी काढा. डिस्चार्ज कार्डावर हृदयाच्या धोक्याच्या दोन ओळी मराठीत छापा. पहिल्या महिन्यात त्याच्या घरी भेट देण्याचे काम आम्हाला द्या, आणि कामाचे पैसेही द्या, नाहीतर तेही सेवाभावात घालाल. ज्यांना धोका जास्त आहे त्या प्रौढांना लस द्या. आणि ते ‘संबंध येत नाही’चे पत्र मागे घ्या. या पत्राची ‘नोंद घेण्यात आली’ असे उत्तर पाठवणार असाल तर पोस्टाचा खर्च वाचवा. त्या पैशात ईसीजीचा एखादा कागदी रोल येईल.

आपली,
एक आशा सेविका