नसलेल्या हाताची कळ

महोदय,

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की मळणी यंत्रात हात गेल्याच्या बातम्या येतात. माझ्या चुलतभावाचा उजवा हात असाच कोपरापासून गेला. जखम भरली, पण रात्री तो कळवळून उठायचा. म्हणायचा, मूठ आवळलेलीच आहे, नखं तळव्यात रुततायत. गावाने 'बाहेरचं' ठरवून लिंबू उतरवलं. एका दवाखान्याने 'मनाचे खेळ' म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. (दोन्हींचा गुण सारखाच!)

हात तुटला तरी मेंदूतला त्याचा नकाशा पुसला जात नाही. तुटलेल्या नसांची टोकंही संदेश पाठवत राहतात. म्हणून नसलेला हातही दुखतो. अमेरिकी डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांना पाहून १८७१ मध्येच याविषयी लिहिलं होतं. १९९०च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी या कळेवर साधा आरसा वापरला. शाबूत हात आरशापुढे, थोटा मागे. शाबूत हाताची मूठ हळूहळू उघडायची. आरशातलं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसतं, त्यामुळे मेंदूला गेलेली मूठ उघडताना दिसते.

आम्ही न्हाव्याकडून जुना आरसा आणला. तिसऱ्या आठवड्यात भाऊ म्हणाला, 'अंगठा सुटला बघ.' सगळ्यांनाच याचा गुण येतो असं नाही, पण खर्च तो किती?

अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्के लिहून मिळतात, या कळेबद्दल चकार शब्द नसतो. निदान रुग्णाला घरी सोडताना ग्रामीण रुग्णालयांनी घरच्यांना एवढं समजावून सांगावं.

– एक शेतकरी, औसा (जि. लातूर)