पोट, कंबर आणि ओटीपोट एकत्र पाहायला शिकवणाऱ्या मॅडमना आभार पत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

शरीररचनाशास्त्राच्या आपल्या वर्गात बसलेल्या असंख्य विद्यार्थ्यांपैकी मी एक. आज फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत कंबरदुखीचेच रुग्ण सर्वाधिक असतात. त्यांना तपासताना आपल्या शिकवण्याचा उपयोग होत नाही असा दिवस क्वचितच जातो, म्हणून हे आभार केवळ मनात न ठेवता उघडपणे लिहून मांडावेत असे वाटले.

पाठ्यपुस्तकांत पोटाचे प्रकरण वेगळे, पाठीचे वेगळे आणि श्रोणीचे, म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या कड्याचे, त्याहून वेगळे असते. परीक्षेच्या सोयीसाठी ते ठीक असेल, पण रुग्णाच्या शरीरात अशा भिंती नसतात, ही गोष्ट आपण पहिल्याच तासाला श्रोणीचे हाड हातात घेऊन दाखवली होती. आम्ही सगळे ते हाड तोंड वर करून आडवे धरत होतो. आपण ते भिंतीला टेकवले, असे की दोन्ही बाजूंची पुढची वरची टोके आणि खालचा जघनसांधा, म्हणजे श्रोणीची दोन हाडे पुढे जुळतात ती जागा, एकाच वेळी भिंतीला लागावेत, आणि सांगितले की माणूस उभा असताना श्रोणी अशी असते. त्या एका कृतीने श्रोणीचे प्रवेशद्वार, म्हणजे तिचे वरचे तोंड, जमिनीशी सुमारे ५५ ते ६० अंशांचा कोन करून पुढे कललेले असते हे डोळ्यांना दिसले. पोटातल्या अवयवांचा भार सरळ खाली ओटीपोटाच्या तळावर न येता बराचसा पुढच्या हाडावर आणि पोटाच्या भिंतीवर का येतो, कमरेला पुढच्या बाजूने बाक का असतो, आणि श्रोणीचा कल बदलला की तो बाक कसा बदलतो, हे सगळे त्यातूनच उलगडत गेले. स्नायूंच्या उगमाचे आणि निवेशनाचे तक्ते पाठ करून मी पुढे विसरलेही, पण भिंतीला टेकवलेले ते हाड विसरणे शक्य नाही.

दुसरी गोष्ट विच्छेदनगृहातली. लहान आतड्याची वेटोळी दोन्ही हातांनी अलगद उचलून उजवीकडे सारत आपण आम्हाला त्यांचे मूळ दाखवले होते. सुमारे सहा मीटर लांबीचे आतडे पोटाच्या मागच्या भिंतीला जेमतेम १५ सेंटिमीटरच्या तिरक्या रेषेत बांधलेले असते. ही रेषा दुसऱ्या कटिमणक्याच्या, म्हणजे कमरेच्या मणक्याच्या, डाव्या बाजूपासून निघून उजव्या त्रिक-श्रोणी सांध्यापर्यंत, म्हणजे कण्याचे तळाचे हाड श्रोणीला जुळते तिथपर्यंत, उतरते. आतडे बाजूला झाल्यावर मागची भिंत मोकळी झाली, आणि तिथे मूत्रपिंडे, महाधमनी (शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी), मूत्रवाहिन्या आणि कण्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारे जाडजूड सोअस स्नायू दिसले. आपण तेव्हा म्हणालात की कंबर दुखते असे सांगणाऱ्या माणसाच्या कमरेच्या पुढे काय आहे, हे आधी आठवायचे. सोअस स्नायू कटिमणक्यांपासून निघून जांघेतून मांडीच्या हाडापर्यंत जातो, म्हणूनच मणक्याच्या क्षयरोगात साठलेला पू त्याच्या आवरणातून वाट काढत जांघेत गाठ म्हणून प्रकट होऊ शकतो. म्हणजे रोगाचे मूळ पाठीत असते आणि तो दिसतो मात्र मांडीच्या वरच्या टोकाला.

या शिकवणीचे मोल मला एका वयस्कर रुग्णाने कळवले. कंबर आखडली आहे, व्यायाम शिकवा, अशी त्यांची विनंती होती. पण वाकल्याने, वळल्याने किंवा आडवे पडल्याने त्यांच्या दुखण्यात काहीच फरक पडत नव्हता. स्नायूंचे किंवा सांध्यांचे दुखणे बहुधा हालचालीनुसार कमीजास्त होते. यांचे तसे होत नव्हते. महाधमनी श्वासपटलामागून, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यामागून, छातीच्या बाराव्या मणक्यापाशी पोटात उतरते आणि चौथ्या कटिमणक्यापाशी, म्हणजे साधारण बेंबीच्या पातळीला, दुभंगते, हे आपण आमच्याकडून इतक्या वेळा वदवून घेतले होते की माझा हात आपोआप बेंबीच्या वर गेला. तिथे रुंद ठोका लागत होता. मी व्यायाम न देता त्यांना तातडीने डॉक्टरांकडे पाठवले आणि सोनोग्राफीत महाधमनीला फुगवटा असल्याचे निष्पन्न झाले. त्यांच्यावर वेळेत उपचार झाले. त्यांनी मानलेल्या आभारांतला मोठा वाटा आपला आहे.

ओटीपोटाच्या तळाविषयी आपण जेवढे शिकवलेत तेवढे त्या काळी फारसे कोणी शिकवत नसे, आणि याबद्दल मला आपला विशेष आदर वाटतो. वर श्वासपटल, खाली श्रोणितळाचे स्नायू, सभोवती पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आणि मागे कणा, अशी ही एकच बंद पोकळी आहे. श्वास घेताना श्वासपटल खाली येते तेव्हा श्रोणितळही किंचित खाली जातो आणि श्वास सोडताना दोन्ही वर येतात, हे आपण आम्हाला स्वतःच्या शरीरावर अनुभवायला लावले होते. या स्नायूंना मुख्यत्वे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या त्रिक-मज्जातंतूंतून, म्हणजे कण्याच्या तळाशी निघणाऱ्या नसांतून, चेतना मिळते आणि प्रसूतीच्या वेळी स्नायू आणि नसा दोन्हींवर ताण येतो. खोकताना किंवा वजन उचलताना लघवी सुटते म्हणून संकोचाने बोलणाऱ्या स्त्रिया माझ्याकडे येतात, आणि अनेकींनी हे दुखणे वर्षानुवर्षे कोणालाही सांगितलेले नसते. मी त्यांना आधी चित्र काढून दाखवते, मग श्वास सोडत श्रोणितळ आत ओढून घ्यायला शिकवते. आपल्या शरीरात इथे स्नायू आहेत आणि त्यांना बळ देता येते, एवढे कळल्यावरच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरू लागतो.

भीती घालवण्याचेही बळ आपण दिलेत. मणक्यांमधली गादी सरकून बाहेर पडली या कल्पनेने हवालदिल झालेल्या रुग्णाला मी आता शांतपणे सांगू शकते की गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. तिच्या कड्याला चीर पडून आतला मऊ गर मागे आणि बाजूला येतो, कारण मधोमध मागचा अस्थिबंध त्याला अडवतो, आणि असा बाहेर आलेला गर पुष्कळदा काळानुसार आपोआप आकसतो.

ज्यांनी मृत्यूनंतर आपले देह आमच्या शिक्षणासाठी दिले, त्यांच्यापुढे प्रत्येक विच्छेदनाआधी मान झुकवायला आपण शिकवलेत. या पत्रातले आभार त्यांनाही आहेत, आणि त्यांच्या नातेवाइकांनाही.

सध्या माझ्याकडे काही नवे विद्यार्थी प्रशिक्षणासाठी येतात. त्यांच्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे मला आपल्याकडूनच समजून घ्यायची आहेत, तेव्हा आपल्या सवडीने मी आपल्या भेटीस यावे अशी इच्छा आहे. आपली प्रकृती उत्तम राहो.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी