परीक्षणांत मागच्या सीटलाही जागा द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीतली मोटारसायकलींची परीक्षणं मी नेमाने वाचते. इंजिन किती सीसीचं, पिकअप कसा, लिटरला किती जाते, वळणावर कशी झुकते, सगळं असतं. मागच्या सीटबद्दल फार तर एक वाक्य: 'दोघांसाठी सीट पुरेशी आहे.' कुणाला पुरेशी? मी गाडी चालवत नाही. मागे बसते, आणि कंबरेचं दुखणं घेऊन बसते. म्हणून हा पत्रप्रपंच.

चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, टाकी गुडघ्यांत धरता येते, समोरचा खड्डा दिसत असल्याने अंग आधीच सावरता येतं. मागच्याला यातलं काही नाही. गाडी उचलली की धड मागे, ब्रेक लागला की पुढे. दोन्ही वेळा तोलायचं ते पोटाच्या आणि कमरेच्या जोरावर. चढावर तर हे अखंड चालू. लांबच्या प्रवासानंतर पाठ धरते ती यामुळे. 'तुला सवय नाही' हे त्याचं उत्तर नव्हे.

मागच्याला पाठ टेकायला सीटमागे पॅडचा आधार, म्हणजे बॅकरेस्ट, बसवला की मागे जाण्याचा त्रास वाचतो. चालवणाऱ्याच्या कमरेला लोंबकळावं लागत नाही, त्यामुळे तोही सुटतो. ब्रेकच्या वेळी मात्र बॅकरेस्टचा उपयोग शून्य. विकणारे हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

आमच्या गाडीला पहिला बॅकरेस्ट एका दुकानदाराने मागच्या कॅरिअरवर पुढे-मागे दोन बोल्ट टाकून बसवून दिला. दिसायला झकास. थोड्याच दिवसांत पाठीमागून कुरकुर सुरू झाली. वाकून पाहिलं तर वॉशरच्या कडेने तांबूस भुकटी जमलेली आणि बोल्टचं गोल भोक लांबट झालेलं. अशी भुकटी दिसली की समजावं, लोखंडावर लोखंड घासतंय, सांधा आवळलेला राहिलेला नाही. तक्रार केली तर दुकानदार म्हणतो, "ताई, रेलून बसू नका, नुसती पाठ लावा." मग बॅकरेस्ट कशाला, शोभेला?

हिशेब शाळेतल्या तरफेचा आहे. पाठीचा रेटा बोल्टांच्या वर साधारण 30 सेंटिमीटरवर बसतो. पुढच्या आणि मागच्या बोल्टांत 6 सेंटिमीटर अंतर असेल, तर पुढच्या बोल्टवर त्या रेट्याच्या पाचपट ओढ येते. तेच अंतर 15 सेंटिमीटर केलं की ओढ रेट्याच्या दुपटीवर उतरते. शिवाय कॅरिअर असतो सामानासाठी. त्याची वजनाची मर्यादा मोजक्या किलोंची, आणि तीही वरून खाली येणाऱ्या भाराची. माणूस मागे रेटतो. टॉप बॉक्सच्या, म्हणजे कॅरिअरवरच्या सामानाच्या पेटीच्या, झाकणाला पॅड चिकटवून त्यावर रेलणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

दुसऱ्या वेळी आम्ही ग्रॅब रेलच्या, म्हणजे मागच्याने धरायच्या दांडीच्या, मूळ भोकांतून, चार जागी धरलेला बॅकरेस्ट घेतला. सबफ्रेमला, म्हणजे सीटखालच्या नळ्यांच्या सांगाड्याला, ड्रिल नाही, वेल्डिंग तर नाहीच. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी नेमकी सांध्याच्या शेजारी कमकुवत होते. नट आत नायलॉनची कडी असलेले, म्हणजे कंपनाने सहजी सुटत नाहीत. तरीही पहिल्या मोठ्या प्रवासानंतर पाना लावून पाहिलेच.

उंचीचाही घोळ असतो. पहिल्या बॅकरेस्टच्या पॅडची वरची कड बरोबर माझ्या खांद्याच्या फऱ्याखाली रुतायची आणि कंबरेचा खळगा, जिथे खरा आधार हवा, तो रिकामा. माप घ्यायचं ते बसणाऱ्याला सीटवर बसवून, नुसत्या गाडीवर टेप धरून नाही. आणि पॅड ऐसपैस वाटावा म्हणून फार मागे सरकवू नये. बसणाऱ्याचं वजन मागच्या आसाच्या पलीकडे गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल तरंगल्यासारखं लागतं.

चढणं-उतरणंही बदलतं. आता पाय मागून फिरवून टाकता येत नाही. फूटरेस्टवर उभं राहून, चालवणारा आणि पॅड यांच्या मधून पाय काढावा लागतो, आणि तोवर चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवून गाडी धरायची. एका अंगावर बसणाऱ्याला तर या आधाराचा काही फायदा नाही. डुलकी लागणाऱ्यालाही, मूल असो वा मोठं माणूस, बॅकरेस्ट धरून ठेवत नाही. दोन्ही बाजू मोकळ्याच असतात. बॅकरेस्ट आहे म्हणून पेंगणारं मूल निर्धास्तपणे मागे बसवणारे पाहिले की माझा जीव वरखाली होतो.

हे सगळं आम्ही दुकानं पालथी घालून, बोल्ट मोजून शिकावं, ही काय रीत झाली? कंपन्यांनी सबफ्रेमवरच आटे पाडलेल्या जागा द्याव्यात आणि तिथे किती भार चालेल ते पुस्तिकेत छापावं. आपल्या परीक्षकांनी गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन तासभर मागे बसावं आणि लिहावं: मागची सीट किती लांब, फूटरेस्टपासून किती उंच, बॅकरेस्टसाठी कंपनीची सोय आहे का, आणि तो लावल्यावर सीट उघडते का. आमची उघडत नाही. बॅटरीपर्यंत पोचायला दर वेळी आधी चार नट काढावे लागतात.

आपली,
एक नियमित वाचक