पूर ओसरला, धास्ती ओसरली नाही

महोदय,

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दूधगंगा-वेदगंगेकाठी कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी या मराठी बोलणाऱ्या भागात घरे पडली. पडझडीचे पंचनामे झाले, मनाची विचारपूस मात्र राहूनच गेली. आमच्या शेजारच्या काकू पावसाची सर आली की पिठाचा डबा माळ्यावर चढवायच्या आणि रात्रभर जागायच्या. समुपदेशन सुरू झाले, हरिपाठाच्या बायका पाळीपाळीने सोबतीला झोपायला येऊ लागल्या, तेव्हा कुठे त्यांचा डोळ्याला डोळा लागला. (दोन्हींची गरज होती, नुसते ‘धीर धरा’ म्हणून भागले नसते.) असले दुखणे माणूस आपल्या बोलीतच मोकळेपणी सांगतो. म्हणून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मराठी जाणणारा समुपदेशक नेमावा. टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही प्रत्येक ग्रामपंचायतीने फलकावर ठळक लिहावा.

– एक वाचक, ता. निपाणी