पाडण्याआधी मोजून तरी घ्या: गृहनिर्माणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

विक्रोळीचे कन्नमवार नगर, कुर्ल्याचे नेहरू नगर, घाटकोपरचे पंत नगर, चेंबूरचे टिळक नगर, काळाचौकीचे अभ्युदय नगर: या म्हाडाच्या जुन्या वसाहती. आपल्या खात्यात ही नावे पुनर्विकासाचे प्रस्ताव म्हणून फिरतात. या पत्रापुरते त्यांच्याकडे वास्तुरचना म्हणून पाहावे, एवढी विनंती.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. दोन-सव्वादोनशे चौरस फुटांत कुटुंबेच्या कुटुंबे वाढली, स्लॅबचे पोपडे पडू लागले, तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचे खाली उतरणे बंद झाले. मोठे घर आणि लिफ्ट त्यांना मिळालीच पाहिजे. माझा मुद्दा इमारतींचा नाही, इमारतींच्या मधल्या जागेचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईची वस्ती फुगली, फाळणीनंतर निर्वासित आले आणि १९४७च्या कायद्याने भाडी गोठल्यावर भाड्याच्या चाळी बांधण्यात मालकांना रस उरला नाही. १९४८च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ, म्हणजे आजच्या म्हाडाचे पूर्वरूप, उभे राहिले ते या कोंडीत. १९५२पासून औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी केंद्राचे अनुदान मिळू लागले. पैसा मोजका होता. त्यामुळे लिफ्टशिवाय चढता येईल एवढीच उंची, तोच नकाशा पुन्हा पुन्हा, आणि सजावटीच्या नावाने जिन्याला सिमेंटची जाळी. पण त्या जाळीतून जिन्यात दिवसभर उजेड आणि वारा येतो. खिडकीवरचा छज्जा पावसाची झड अडवतो. दोन इमारतींत एवढे अंतर, की तळमजल्याच्या स्वयंपाकघरातही दिवसा दिवा लावावा लागत नाही. मधल्या जागेत क्रिकेट, हळदीचा मांडव, वाळवणे, सगळेच. टिळक नगरात सह्याद्री क्रीडा मंडळाच्या गणपतीचे भव्य देखावे उभे राहतात, तेही वसाहतीला मैदान आहे म्हणूनच. ही आखणी ज्यांनी केली त्या सरकारी वास्तुकारांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींना २०१८मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याचा आनंदच आहे. कामगारांच्या घरांकडे मात्र त्या नजरेने कोणी पाहत नाही.

आता काय चालले आहे? मुंबईत म्हाडाच्या शंभराहून अधिक वसाहती. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(५) खाली, म्हणजे म्हाडा वसाहतींच्या पुनर्विकासाच्या नियमाखाली, एकेक सोसायटी आपापला विकासक गाठते, लेआउटचा प्रोरेटा एफएसआय (अख्ख्या वसाहतीच्या बांधकाम हक्कातला आपला वाटा) आणि शेजारचा टिटबिट तुकडा (स्वतंत्रपणे वापरता न येणारी छोटी जागा) पदरात पाडून घेते आणि टॉवर उभा करते. इमारतीभोवती मोकळे सोडायच्या सामासिक अंतरात सवलत मिळते. मैदानाचा हिशेब पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या पार्किंग मजल्यांच्या गच्चीवर, भागवला जातो. कागदोपत्री प्रत्येक प्रस्ताव नियमात बसतो. मूळ आखणी मात्र वसाहतीची होती, आणि अख्ख्या वसाहतीचा विचार करणे हे कोणत्याही एका सोसायटीचे काम नाही. ते आपल्या खात्याचे आहे.

युद्धानंतर ब्रिटननेही अशा सरकारी वसाहती बांधल्या आणि पुढे त्यांचाही कंटाळा केला. शेफील्डची पार्क हिल १९६१मध्ये पूर्ण झाली, दुधाची गाडी जाईल एवढ्या रुंद गॅलऱ्यांची. १९९८मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला आणि पुढे तिचे नूतनीकरणही झाले. पूर्व लंडनमधली रॉबिन हूड गार्डन्स मात्र पाडली. तिचा एक तुकडा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ठेवून घेतला. माणसे राहत होती ती जागा तुकड्याच्या रूपात जपायची, हे मला तरी विचित्र वाटते. पण आपल्याकडे तेवढेही होत नाही. फ्रान्समध्ये बोर्दो शहरात लाकातों आणि वासाल या वास्तुकारांनी आणखी दोन वास्तुकारांसह ५३० जुन्या सरकारी सदनिकांना बाहेरून नवे, खोल सज्जे जोडून घरे मोठी केली, रहिवाशांना न हलवता. आपल्या जीर्ण इमारतींना हा उपाय सरसकट चालणार नाही, हे उघड आहे. पण पाडण्याखेरीज दुसरे काही होऊ शकते का, हा प्रश्न तरी विचारला गेला.

म्हणून मागणे असे. कोणत्याही सोसायटीला देकारपत्र, म्हणजे पुनर्विकासाच्या अटी कळवणारे म्हाडाचे पत्र, देण्याआधी संपूर्ण वसाहतीचा आराखडा ठरावा आणि त्यात मूळ मैदाने जमिनीवरच राहावीत. पोडियमवरची हिरवळ त्यात धरू नये. पाडायच्या इमारतींची मोजणी, रेखाटने आणि छायाचित्रे यांचा खर्च विकासकाने करावा. मंडळाच्या दप्तरात जे मूळ नकाशे असतील ते स्कॅन करून म्हाडाच्या संकेतस्थळावर टाकावेत. आणि बांधकाम अजून धड आहे अशा एखाद्या वसाहतीतला एक चौक, म्हणजे भोवतालच्या इमारती आणि मधले मैदान, आतली घरे जोडून मोठी करून, लिफ्ट बसवून राखून दाखवावा. त्यासाठी लागणारी जादा घरे त्याच वसाहतीतल्या टॉवरमध्ये देता येतील.

कन्नमवार नगरात आज जुन्या इमारती आणि नवे टॉवर शेजारी-शेजारी उभे आहेत. निर्णय घेण्याआधी आपल्या नगररचनाकारांना एप्रिलच्या दुपारी दोन वाजता तिथे पाठवा, आणि दोन्हींच्या मधून पायी चालायला सांगा.

आपला,
म्हाडा वसाहतीतला एक रहिवासी